पाळी जाताना ‘संतुलन’ विकत मिळते का?

रजोनिवृत्ती हा एरवी घरातही दबक्या आवाजात बोलला जाणारा विषय गेल्या काही महिन्यांत बातम्यांत आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रजोनिवृत्तीवरील हार्मोन औषधांच्या माहितीपत्रकात वीस वर्षांहून अधिक काळ असलेला, चौकटीतला धोक्याचा इशारा बराचसा काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. दोनच महिन्यांनी, जानेवारी २०२६ मध्ये, महाराष्ट्राने सरकारी रुग्णालयांत रजोनिवृत्ती क्लिनिक सुरू करण्याचे पाऊल उचलले. या दोन्ही बातम्यांच्या कितीतरी आधी तिसरी गोष्ट घरोघरी पोहोचली होती, ती म्हणजे मोबाइलवरची जाहिरात. ‘हार्मोनचे नैसर्गिक संतुलन’, ‘चाळिशीनंतरचे सगळे त्रास एका पावडरीत’, ‘साइड इफेक्ट नाही’ अशा मजकुराच्या या जाहिराती आता तुमसर, लाखांदूरच्या खेड्यांतही पाहिल्या जातात.

त्यामुळे पंचेचाळिशी ओलांडलेल्या भंडारा जिल्ह्यातील बाईसमोर आज तीन वाटा आहेत : घरगुती आणि ‘नैसर्गिक’ उपाय, डॉक्टरांचे औषध, किंवा काहीच न करणे. बहुतेक जणी तिसरी वाट धरतात. ज्यांच्या हाती थोडा पैसा आहे, त्या पहिलीकडे वळतात. या पहिल्या वाटेत खरे किती आणि पोकळ किती, हे तपासून पाहणे गरजेचे झाले आहे, कारण तिथे पैशाबरोबर वेळही खर्च होतो आणि कधीकधी वेळेची किंमत जास्त असते.

बिघाड नव्हे, साठा संपणे

‘हार्मोनचे संतुलन बिघडले’ हा शब्दप्रयोगच आधी तपासायला हवा. मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या बीजांडकोशांत दहा ते वीस लाख बीजांडे असतात. वयात येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख उरतात आणि पाळी जाण्याच्या सुमारास हजारभरच शिल्लक असतात. इस्ट्रोजेन हे हार्मोन मुख्यतः या बीजांडांभोवतीच्या पेशी तयार करतात. बीजांडेच संपत आली की इस्ट्रोजेन कमी होते. मेंदूतील पीयूष ग्रंथी अधिक जोराने हुकूम सोडू लागते, पण तो पाळायला बीजांडकोशात कोणी उरलेले नसते.

पाळी पूर्ण थांबण्याच्या आधीच्या चार-पाच वर्षांत हे हार्मोन एका महिन्यात खूप वाढते, तर दुसऱ्या महिन्यात खाली जाते. पाळी कधी पंधरा दिवसांत येते, कधी तीन महिने येत नाही. अंगातून गरम वाफा निघतात, घाम फुटतो, झोप मोडते, चिडचिड होते. हा टप्पा त्रासाचा असला तरी तो कुठल्या कमतरतेमुळे ‘बिघडलेला तराजू’ नाही. एखादी मुळी किंवा बी खाऊन बीजांडांचा साठा परत भरत नाही. म्हणून ‘हार्मोन संतुलित करते’ असे लिहिलेल्या डब्याला विचारायचा पहिला प्रश्न असा की, हे नेमके काय करते? गरम वाफा कमी करते, की झोप सुधारते, की हाडे वाचवते? प्रत्येक त्रासाचे उत्तर वेगळे आहे आणि पुरावाही वेगळा आहे.

त्याच कारणाने पंचेचाळिशीनंतर लक्षणे स्पष्ट असलेल्या बाईने हार्मोनच्या महागड्या तपासण्यांचा संच करून घेण्याची बहुधा गरज नसते. आज घेतलेला आकडा पुढच्या आठवड्यात बदललेला असतो. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली, ही व्याख्या कॅलेंडरवर तपासता येते. पाश्चात्त्य देशांत हे वय सरासरी ५१ आहे. भारतात इंडियन मेनोपॉज सोसायटीच्या पाहणीनुसार ते ४६ च्या आसपास येते. म्हणजे आपल्याकडे हाडे आणि हृदय यांना मिळणारे इस्ट्रोजेनचे संरक्षण काही वर्षे आधीच संपते. धूम्रपानाने हे वय आणखी एक-दोन वर्षे अलीकडे सरकते.

जवस, सोयाबीन आणि योग

भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात धान निघाल्यावर उरलेल्या ओलीवर लाखोळी आणि जवस घेण्याची जुनी रीत आहे. जवसाची चटणी इथल्या ताटात पिढ्यान्‌पिढ्या आहे. हेच जवस आता आकर्षक पुड्यांत ‘महिलांचे सुपरफूड’ म्हणून परत येते. जवसात लिग्नान नावाची, इस्ट्रोजेनशी थोडेफार साम्य असलेली द्रव्ये असतात हे खरे आहे. म्हणूनच अमेरिकेत १८८ स्त्रियांवर त्याची रीतसर चाचणी झाली. निम्म्यांना सहा आठवडे रोज जवसाची वडी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनजवसाची. दोन्ही गटांत सुमारे एक तृतीयांश स्त्रियांचे हॉट फ्लश, म्हणजे गरम वाफा, निम्म्यावर आले. जवसाने जास्त काही साधले नाही.

बिनऔषधाच्या गटातही इतका फरक का पडावा, हा या विषयातला कळीचा मुद्दा आहे. हार्मोन गोळ्यांच्या चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेने एकत्रित आढावा घेतला, तेव्हा नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचे हॉट फ्लशही सुरुवातीच्या तुलनेत ५८ टक्क्यांच्या जवळपास कमी झालेले दिसले. काळ जातो तशी लक्षणे ओसरतात आणि कोणीतरी विचारपूस करते आहे याचाही गुण येतो. म्हणून ‘माझ्या जावेला या पावडरीने फरक पडला’ हे जावेच्या बाबतीत अगदी खरे असू शकते आणि तरीही पावडरीत काही नसू शकते.

सोयाबीनची कथा थोडी वेगळी आहे. विदर्भ ते पिकवतो भरपूर, पण खातो फार कमी. त्यातील आयसोफ्लेव्होनमुळे गरम वाफांत खोट्या गोळीपेक्षा सुमारे एक पंचमांश अधिक घट झाली, असे २०१२ मधील एका एकत्रित विश्लेषणात आढळले. पण पुढच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत. अमेरिकेतील द मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये हार्मोनविरहित उपचारांचा आढावा घेतला आणि सोयाबीन, वनौषधी, पूरक गोळ्या यांची गरम वाफांसाठी शिफारस केली नाही. परदेशात फार खपणाऱ्या ब्लॅक कोहोश या मुळीवरचे १६ अभ्यास, दोन हजारांहून अधिक स्त्रिया, कॉक्रेनने तपासले. तिथेही पुरावा पुरेसा निघाला नाही.

योगाचे काय? अमेरिकेतच ३५५ स्त्रियांवरच्या एका मोठ्या चाचणीत काहींना बारा आठवडे योग, काहींना व्यायाम आणि काहींना नेहमीची दिनचर्या दिली होती. गरम वाफांची संख्या तिन्ही गटांत सारखीच राहिली. योग आणि व्यायाम करणाऱ्यांची झोप मात्र थोडी सुधारली. ओमेगा-३ च्या कॅप्सूलनेही गरम वाफांना फरक पडला नाही.

याचा अर्थ जवसाची चटणी, सोयाबीन किंवा योग सोडून द्यावेत असा नाही. जवस आणि सोयाबीन हे चांगले अन्न आहे. योगाने सांधे मोकळे राहतात, तोल सुधारतो, झोपेला मदत होते. पण अन्नाला अन्नाच्या भावात घ्यावे. चटणीच्या जवसाला औषधाचा भाव द्यायचे कारण नाही.

‘साइड इफेक्ट नाही’ हा दावा

वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक, ही समजूत खोलवर रुजलेली आहे. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला. वाद वनस्पतीची ओळख आणि कारणमीमांसा यांवर होता. पण कोविडच्या काळात ‘प्रतिकारशक्ती वाढवायला’ म्हणून महिनोन्‌महिने एखादी गोष्ट घेतली आणि ती डॉक्टरला सांगितलीच नाही, तर काय होऊ शकते हे त्यातून दिसले. रजोनिवृत्तीसाठी विकल्या जाणाऱ्या अनेक मिश्रणांत असलेल्या अश्वगंधेबाबतही भारतासह अनेक देशांतून यकृताच्या इजेच्या नोंदी आहेत. तिचा परिणाम थायरॉइडवर होऊ शकतो. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. अश्वगंधेवर भारतात छोट्या, काही आठवड्यांच्या चाचण्या झाल्या आणि त्यांत लक्षणे कमी झाल्याचे नोंदवले गेले. पण इतक्या थोड्या स्त्रियांवरून आणि इतक्या थोड्या काळातून वर्षानुवर्षे घेण्याची सुरक्षितता सिद्ध होत नाही.

दुसरा प्रश्न शुद्धतेचा आहे. इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी करून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात जवळपास दर पाचव्या औषधात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. ज्या वयात हाडे झिजू लागतात, त्याच वयात हाडांत साठलेले शिसे पुन्हा रक्तात उतरते, हेही लक्षात ठेवावे.

कायदा काय सांगतो? स्त्रियांच्या मासिक पाळीतील बिघाड दुरुस्त करण्याचा दावा करणाऱ्या औषधाच्या जाहिरातीला १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातीला आधी राज्याची मंजुरी घ्यावी लागेल, असा नियम २०१८ मध्ये आला. आयुष मंत्रालयाने तो जुलै २०२४ मध्ये वगळला. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मूळ प्रकरण निकाली निघाल्यावर ती स्थगितीही संपली. बऱ्याच पावडरी तर औषध म्हणून नोंदलेल्याच नसतात. त्या अन्नपूरक म्हणून विकल्या जातात, तिथे गुणकारीपणाची चाचणी मागितली जात नाही. थोडक्यात, जाहिरात आणि बाई यांच्यामध्ये उभे राहणारे कोणी फारसे उरलेले नाही. डब्यावर परवान्याचा क्रमांक असणे म्हणजे दावा खरा असणे नव्हे.

कशाने फरक पडतो

औषधाशिवायच्या, पुराव्यावर टिकलेल्या गोष्टींपैकी दोन महत्त्वाच्या आहेत. पहिली, विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारे समुपदेशन, ज्याला कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी म्हणतात. त्याने वाफा येणे थांबत नाही, पण त्यांचा जाच कमी होतो आणि झोप सुधारते. जिल्ह्यात हे समुपदेशन करणारे थोडे आहेत. तरी टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते आणि चिडचिड, रडू येणे, उदासी यांसाठी तो पहिला दरवाजा ठरू शकतो. दुसरी, वजन जास्त असल्यास ते कमी करणे. मात्र हा सल्ला सरसकट देऊ नये. रोवणीच्या दिवसांत सकाळपासून चिखलात वाकून राबणाऱ्या, मुळातच किडकिडीत बाईला वजन कमी करायला सांगणे तिच्या हाडांच्या मुळावर येते.

हाडांसाठी मात्र अन्न हेच औषध आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पाळी गेलेल्या बाईला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. भातात ते जवळजवळ नाहीच. एक पेला दुधात सुमारे २४० मिलिग्रॅम, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. शेवग्याच्या पाल्यात ते भरपूर असते, तिळातही असते, जरी तिळातले सगळे अंगी लागत नाही. तलावातली छोटी मासळी वाळवून काट्यासकट खाण्याची इथली सवय या दृष्टीने फार मोलाची आहे. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज सर्वांत वेगाने होते. त्यामुळे हे सगळे साठीला सुरू करण्याऐवजी पंचेचाळिशीत सुरू व्हावे. शेतातल्या श्रमाने हाडांवर भार पडतो, तो चांगलाच. घरात बसून बिड्या वळणाऱ्या बाईला मात्र चालणे मुद्दाम ठरवून करावे लागते.

आता औषधांकडे. गरम वाफांवर सर्वांत परिणामकारक उपाय अजूनही इस्ट्रोजेनच आहे. गोळीने त्यांची संख्या खोट्या गोळीच्या तुलनेत सुमारे ७५ टक्क्यांनी कमी होते. मग त्याची इतकी भीती का? जुलै २००२ मध्ये अमेरिकेतील विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अभ्यासाचा एक भाग मुदतीआधी थांबवण्यात आला. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनकर्करोगाच्या आठ आणि पक्षाघाताच्या आठ घटना जास्त दिसल्या. खुब्याचे फ्रॅक्चर पाचने कमी झाले होते, ते कोणी वाचले नाही. शिवाय त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. पन्नाशीच्या आतबाहेर, गरम वाफांनी हैराण होऊन औषध मागणारी बाई त्या अभ्यासाच्या मध्यभागी नव्हतीच. पण इशारा सगळ्यांनाच लागला.

नोव्हेंबर २०२५ चा अमेरिकेचा निर्णय ही त्या भीतीची दुरुस्ती आहे. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केल्यास बहुतेक निरोगी स्त्रियांत फायदा धोक्यापेक्षा जास्त, असे आता मानले जाते. पण त्या घोषणेबरोबर हृदयविकार आणि स्मृतिभ्रंश टळण्याचे जे मोठे दावे झाले, ते पुराव्याच्या पुढे गेले, अशी टीका अनेक तज्ज्ञांनी केली आणि ती योग्य आहे. भीती ओसरली म्हणून हे औषध सर्वांना टॉनिकसारखे देता येणार नाही. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, यकृताचा आजार असेल, कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर ते टाळले जाते. पूर्व विदर्भ हा सिकलसेलचा पट्टा आहे. सिकलसेलच्या रुग्णांत गुठळ्यांचा धोका मुळातच जास्त असल्याने तिथे तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय इस्ट्रोजेनची गोळी सुरू होता कामा नये. गर्भाशय शाबूत असलेल्या बाईला इस्ट्रोजेन एकटे कधीच देत नाहीत. सोबत प्रोजेस्टेरॉन लागते, नाहीतर गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होऊ शकतो. ज्यांना हार्मोन चालत नाही, त्यांच्यासाठी नैराश्यावरच्या काही गोळ्या कमी मात्रेत किंवा गॅबापेंटिन हे पर्याय आहेत.

एक त्रास तर कोणी बोलतच नाही, तो म्हणजे योनीचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणे, लघवीला जळजळ, पुन्हा पुन्हा मूत्रमार्गाचा संसर्ग. गरम वाफा काही वर्षांनी ओसरतात, हा त्रास वाढत जातो. त्यावर अगदी कमी मात्रेचे इस्ट्रोजेनचे मलम जागच्या जागी लावता येते आणि ते रक्तात फारच थोडे उतरते. वर्षानुवर्षे अँटिबायोटिक घेत राहणाऱ्या कितीतरी स्त्रियांचा प्रश्न एवढ्याने सुटू शकतो.

पिशवी काढलेल्या बाईचे काय?

‘नैसर्गिक’ हा शब्द सर्वांत जास्त घात करतो तो ज्यांची रजोनिवृत्ती मुळात नैसर्गिक नाही त्यांचा. महाराष्ट्राने हे बीडमध्ये पाहिले आहे. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये राज्यात गदारोळ झाला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. देशभरात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) १५ ते ४९ वयातील ३.३ टक्के स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झाली होती आणि त्यांतील बहुतांश खासगी रुग्णालयांत. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले.

भंडाऱ्यात बीडसारखी पाहणी समोर आलेली नाही. पण ‘पिशवी काढून टाकली, कटकट गेली’ ही भाषा इथल्या गावांतही तीच आहे. शस्त्रक्रियेत गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजांडकोशही काढले असतील, तर पस्तिशीतल्या बाईची रजोनिवृत्ती एका दिवसात होते. बीजांडकोश ठेवले तरी ती सरासरीने काहीशी लवकर येते. इस्ट्रोजेन दहा-पंधरा वर्षे आधी संपल्याने हाडे ठिसूळ होणे आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. अशा बाईला, हार्मोन न देण्याचे कारण नसेल तर, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत तरी ते देण्याचा सल्ला जगभरातल्या संस्था देतात. तिच्याबाबतीत भीती औषधाची कमी आणि औषध न मिळण्याची जास्त. पण तिच्याही मोबाइलवर तीच जाहिरात येते, पावडरीची. त्या शस्त्रक्रियेत बीजांडकोश ठेवले की काढले, हेच अनेकींना ठाऊक नसते. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवणे आणि त्यावर हे स्पष्ट लिहून मागणे, हा तिचा हक्क आहे.

क्लिनिककडून अपेक्षा

महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली असते आणि ती बहुधा पंचविशीच्या आसपास. बाळंतपण आणि ‘ऑपरेशन’ झाले की आरोग्ययंत्रणेचा तिच्याशी संबंध संपतो. पुढे ती भेटते ती साठीला, रक्तदाब वाढल्यावर किंवा मनगट मोडल्यावर. मधल्या पस्तीसेक वर्षांच्या या पोकळीतच जाहिरातीला जागा मिळाली. रजोनिवृत्ती क्लिनिकचे खरे काम ती पोकळी भरणे हे आहे.

त्यासाठी महाग यंत्रे लागत नाहीत. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, वजन, गरज पडल्यास थायरॉइड एवढ्याने सुरुवात होते. राज्यात १५ ते ४९ वयातील ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. पाळी जातानाच्या अनियमित, जोराच्या रक्तस्रावाने तो आणखी वाढतो आणि ‘वयाची अशक्तता’ म्हणून सोडून दिला जातो. तिशीपुढील सर्वांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी आरोग्य मंदिरांत मोफत आहे. क्लिनिकमध्ये आलेली बाई त्याशिवाय परत जाऊ नये. खर्ऱ्याची सवय असलेल्या या जिल्ह्यात तोंडाची तपासणी तर टाळूच नये.

इथल्या डॉक्टरने आणखी एक भान ठेवायला हवे. रात्रीचा घाम म्हणजे दरवेळी रजोनिवृत्ती नव्हे. त्याबरोबर खोकला, ताप किंवा वजन घटणे असेल, तर आधी क्षयरोगाची तपासणी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या बाईला घाम फुटला, तर आधी साखर.

वेळेचाही विचार हवा. जुलै-ऑगस्टच्या रोवणीत आणि उन्हाळ्यातील तेंदूपानाच्या हंगामात कोणतीही बाई रोज बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी येणार नाही. क्लिनिक साकोली, पवनी, मोहाडीच्या रुग्णालयांत, आठवडी बाजाराच्या दिवशी असेल, तर ती येईल. आशाताईंच्या भेटीत गरोदर सुनेबरोबर पंचेचाळिशीच्या सासूलाही दोन प्रश्न विचारले गेले, तर निम्मे काम गावातच होईल.

तोपर्यंत घराघरांत एवढे लक्षात राहिले तरी पुरे :

– पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी तो ‘उष्णतेने’ समजू नये. आठवड्याच्या आत तपासून घ्यावा. बहुतेकदा कारण साधे निघते, पण कर्करोग असेल तर तो याच टप्प्यावर लवकर सापडतो.

– चाळिशीच्या आत पाळी थांबली, तर पावडर, काढा यांत दिवस न घालवता डॉक्टरकडे जावे.

– पाळी अनियमित झाली म्हणून गर्भ राहणार नाही असे नाही. नसबंदी झालेली नसेल, तर पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षे आणि पन्नाशीनंतर एक वर्ष काळजी घ्यावी.

– गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे. बीजांडकोश का काढायचे, हे विचारावे.

– कुठलीही मुळी, भस्म, पावडर घेत असाल, तर डबा घेऊनच दवाखान्यात जावे. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा भूक मेली, तर ती त्याच दिवशी बंद करावी आणि यकृताची तपासणी करावी.

महिन्याकाठी पावडरीवर जाणारा पैसा दूध, डाळ, अंडी, मासळी यांवर गेला, तर तो हाडांत साठतो. राहिलेल्या त्रासासाठी सरकारी रुग्णालयाचा केसपेपर काढावा. तिथे ‘पाळी जाण्याचा त्रास आहे’ असे स्पष्ट सांगावे आणि त्या दिवशी क्लिनिक नसेल, तर ते कोणत्या दिवशी असते हे विचारून यावे. मागणी नोंदली गेली, तरच ही क्लिनिक उद्घाटनाच्या फलकापुढे जातील.